फ्रॅक्सनचं हेल्मेट

हेल्मेट फ्रॅक्सनच्या डोक्यात काही केल्या बसेना. मार्टेनने ते सरळ धरून दाबलं, मग तिरकं करून दाबलं, मग आतली स्पंजाची पट्टी काढून पुन्हा दाबलं. अडीच वर्षं कात्री न लागलेले केस होते ते. हात काढला की हेल्मेट पुन्हा दोन बोटं वर. आंब्याखाली जमलेल्या बायका तोंडावर हात धरून हसत होत्या आणि फ्रॅक्सन लहान मुलासारखा मान खाली घालून उभा होता.

"मोठं आणायला हवं होतं," मार्टेन म्हणाला आणि त्याने वहीत तसं लिहून घेतलं. हा मार्टेन परदेशातून सहा महिन्यांसाठी आलेला. त्याच्याबरोबरची थोकोझिरे मात्र ब्लांटायर शहरातली, इंजिनिअरिंगच्या शेवटच्या वर्षाला होती. गावाशी जे काही बोलायचं ते तिच्याच तोंडून.

"बाबा, केस जरा कमी केलेत ना, तर बसेल बघा," ती सहज म्हणाली.

बायकांचं हसणं थांबलं. कुणी चुलीकडे बघायला लागलं, कुणी कडेवरच्या पोराचं नाक पुसायला घेतलं. मग सगळ्यांनी हळूच जायलोसीकडे पाहिलं. जायलोसी म्हणजे फ्रॅक्सनच्या बायकोचा थोरला भाऊ, त्या कुळाचा कर्ता.

"बसेल की," जायलोसी म्हणाला. "वेळ आली की सगळं बसतं."

थोकोझिरेला काही कळलं नाही, आणि तिचा दोषही नव्हता. ती शहरात वाढलेली. म्पिंगा गावात कुळाचा कर्ता सोडला तर सगळेच पुरुष घरजावई. लग्न झालं की पुरुषाने आपली कुदळ आणि घोंगडी उचलायची आणि बायकोच्या गावी येऊन राहायचं. जमीन तिची, घर तिचं, पोरं तिच्या कुळाची. बायको आधी गेली तर तिच्या भावाने मक्याची दारू गाळून बैठक बोलवायची, तिच्या बहिणीने जावयाचं डोकं भादरायचं, की जावई मोकळा, आपल्या आईच्या गावी जायला. तोवर त्याने केसांना हात लावायचा नाही आणि गावही सोडायचं नाही. जो आपल्याच हाताने केस कापून चालता होतो त्याच्या पोराबाळांच्या मागे काही ना काही लागतं, असं सगळे मानत. फ्रॅक्सनही मानत होता. हे सगळं दोन-तीन महिन्यांत उरकायचं असतं. त्याची बायको एस्नार्ट जाऊन अडीच वर्षं झाली होती.

पहिल्या वर्षी जायलोसी म्हणाला, दाजी, मका कमी आलाय, दारू कशाची गाळू? दुसऱ्या वर्षी मका बरा आला, पण तेव्हा त्याचा गुडघा सुजला होता. गुडघ्याचा आणि दारूचा काय संबंध, हे विचारायची जावयाची टाप नसते.

खरं कारण आंब्याच्या बुंध्याला टेकून उभं होतं. सायकलीच्या मागे जोडायची दोन चाकांची गाडी, माणसाला आडवं निजवून न्यायची. सात वर्षांपूर्वी थोकोझिरेच्याच कॉलेजच्या मुलांनी ती बनवली होती. जगातली गरिबी, रोगराई आणि विषमता यांवर उपाय शोधायचे हा त्यांना अभ्यासाला विषयच होता आणि त्याला मार्कही होते. म्पिंगापासून दवाखाना चौदा किलोमीटर, त्यातले नऊ निव्वळ वाळूचे. आधी अडलेल्या बाईला दाराच्या फळीवर घालून न्यायचे, आणि पुष्कळदा वाटेतूनच परत आणायचे. गाडी आल्यापासून सात वर्षांत गावातली एकही बाळंतीण गेली नव्हती. कॉलेजच्या तक्त्यावर हा आकडा मोठ्या अक्षरात होता. गाडी ओढणारा माणूस मात्र सातही वर्षं एकच होता. फ्रॅक्सन तरुणपणी फालोंबेच्या बाजारात सायकलवरून माणसं वाहायचा. वाळूत भरलेली सायकल कशी हाकायची ते त्याच्या मांड्यांना ठाऊक होतं.

दर जुलैत मुलांची तुकडी यायची आणि गाडीत काहीतरी सुधारून जायची. एका वर्षी कापडाचं छप्पर आलं, पुढच्या वर्षी स्प्रिंगा, त्याच्या पुढच्या वर्षी सलाईन टांगायची लोखंडी दांडी. गाडी दर वर्षी जड होत गेली आणि फ्रॅक्सन दर वर्षी म्हातारा. पाहुण्याने प्रेमाने दिलेल्या वस्तूला नावं ठेवायची त्यांच्यात रीत नव्हती. तो "फार छान झालीय" म्हणायचा, मुलं गेली की दांडी काढून खाटेखाली सरकवायचा आणि पुढच्या जुलैत पुसून पुन्हा बसवायचा. दांडी नव्यासारखी राहिली म्हणून मुलांनी तिच्या मजबुतीचीही नोंद केली होती.

यंदा हेल्मेट आलं.

हेल्मेटचा नाद सोडून मुलांनी आंब्याला तक्ता टांगला आणि सगळ्यांना लाल टिकल्या वाटल्या. गावाची सगळ्यात मोठी अडचण ज्याला जी वाटेल तिच्यासमोर त्याने टिकली चिकटवायची. लोक टिकल्या हातात धरून बसून राहिले. जायलोसीने उठून आपली 'गाडीची चाकं' या चित्रापुढे लावली, तशा बाकीच्यांनी भराभर उठून त्याच्याच टिकलीच्या आजूबाजूला लावल्या. एकमत इतकं स्पष्ट निघालेलं पाहून मार्टेन खूश झाला.

"आणि गाडी चालवणाऱ्यांचं काय म्हणणं आहे?" थोकोझिरेने थेट फ्रॅक्सनकडे बघत विचारलं.

फ्रॅक्सनने जमिनीवरची एक काडी उचलली. सासरच्या बैठकीत जावई तोंड उघडत नाही. त्याच्या वतीने बोलायला त्याचा भाचा लागतो, आणि भाचा होता तीन दिवसांच्या वाटेवर.

"आमच्या दाजींना काही अडचण नाही," जायलोसी म्हणाला. "इथे त्यांना कुणी काही कमी पडू देतं का? विचारा."

सगळ्यांनी मान डोलावली. फ्रॅक्सननेही डोलावली.

दिवस कलताना तो अंगणात चेनला तेल घालत बसला होता, तेव्हा थोकोझिरे एकटीच आली. तिने दारातूनच तिथल्या रीतीने टाळ्या वाजवून नमस्कार केला आणि चटईवर बसली. हातात तक्त्याची गुंडाळी होती. सकाळी केसांचं बोलल्यावर सगळे गप्प का झाले, हे तिने सेलिनाला विचारलं होतं. सेलिना एस्नार्टची धाकटी बहीण. तिने सगळं सांगून टाकलं होतं.

"बाबा, मला माहीत नव्हतं हो. मी उगाच तोंड उघडलं."

"तुला कोण सांगणार? तू लेकरू." त्याने चेन फिरवून पाहिली. "तो कागद दाखव बघू. सकाळी लांबून नीट दिसला नाही."

तिने तक्ता उलगडला. एका गोलात पोटुशी बाई, एकात गाडी, एकात दवाखाना, एकात गाव. मधोमध सायकलवर बसलेला एक माणूस.

"हे तुम्ही," ती म्हणाली.

तेलाचं बोट कागदाला लागू नये म्हणून त्याने ते अंतरावरूनच फिरवलं. "सगळे बाण माझ्याकडेच आलेत."

"म्हणजे तुम्ही सगळ्यात महत्त्वाचे आहात."

"बाहेर जाणारा एकही नाही."

थोकोझिरेने कागदाची वळलेली कड सरळ केली. हा तक्ता तिनेच काढला होता, आणि तीन आठवडे खपून काढला होता.

"माझी बहीण आहे पलीकडे, आईच्या गावी," फ्रॅक्सन म्हणाला. "एलिनाती. माझ्याहून सात वर्षांनी मोठी. आता डोळे गेलेत तिचे. एस्नार्ट गेल्याचं कळलं त्याच महिन्यात तिने माझ्यासाठी घर उभं केलं. दर साली छपरावर नवं गवत घालून घेते. आत राहायला कोण, तर वाळवी." तो थोडं हसला. "गेल्या खेपेला भाच्याकडून निरोप आला. म्हणाली, त्याला म्हणावं आता मला दिसत नाही, पण चाहूल कळते. तेवढ्यात ये."

"मग तुम्ही सांगत का नाही त्यांना?"

"कुणाला?"

थोकोझिरेने तक्ता गुंडाळायला घेतला. तीन वर्षं ती या गावात येत होती. गाडीचं वजन, चाकांची हवा, वाळूतला वेग, सगळं सगळं तिने मोजलं होतं. तिला स्वतःची लाज वाटली. फ्रॅक्सनलाही वाटली, नातीच्या वयाच्या पोरीपुढे रडगाणं गायलं म्हणून. दोघंही चेनकडे बघत बसले.

दुसऱ्या दिवशी सकाळी थोकोझिरेने शहरातल्या मुलीला शोभणार नाही असं एक काम केलं. जायलोसीच्या अंगणात, चार माणसं बसलेली असताना, ती दोन्ही गुडघे टेकून बसली आणि म्हणाली, "आजोबा, पाहुणी म्हणून एक मागायचंय."

"माग की."

"फ्रॅक्सन बाबांना मोकळं करा. दुसरा माणूस आम्ही तयार करू. गाडीचं अडणार नाही."

चार माणसांसमोर, त्यातून गुडघे टेकलेल्या पाहुणीला नाही म्हणणं जायलोसीच्या सात पिढ्यांत कुणाला जमलं नसतं. तो पोरीकडे बघत राहिला आणि मग मनापासून हसला. "अगं, मी कुठे धरून ठेवलंय? घरचाच माणूस तो. शनिवारी उरकून टाकू. मका यंदा रग्गड आहे."

त्या दिवसापासून फ्रॅक्सनच्या अंगात वारं भरलं. फोनवर निरोप मिळाला तसा भाचा मॉरसन रात्रंदिवस सायकल हाणत शुक्रवारी सकाळी येऊन थडकला. फ्रॅक्सनने घोंगडी गुंडाळून सुतळीने बांधली, कुदळ धुऊन तिच्याशेजारी ठेवली. एस्नार्टच्या थडग्यावरचं तण काढलं. आणि ते तीन दिवस तो लुकासला गाडी शिकवत होता. लुकास म्हणजे जायलोसीच्या नातीचा, एनेलेसचा नवरा, चोवीस वर्षांचा धट्टाकट्टा जावई. गेल्या वर्षी एकदा फ्रॅक्सन तापाने पडलेला असताना याने गाडी नेली आणि आतल्या बाईसकट नाल्यात घातली. बाई वाचली, गळ्याचं हाड मोडलं.

"वाळू आली की खाली बघायचं नाही," फ्रॅक्सन सांगायचा. "लांब बघायचं. आणि मागून बाई ओरडली तरी वळून बघायचं नाही."

"का बाबा?"

"बघितलंस की पाय ढिले पडतात."

मक्याचं पोतं घालून लुकासने गाडी दोनदा दवाखान्यापर्यंत नेऊन आणली. मुलांनी वेळ लावली होती. फ्रॅक्सनपेक्षा अकरा मिनिटं कमी. "जमलं की रे," फ्रॅक्सन म्हणाला, आणि त्याला खरोखरच आनंद झाला. थोडं वाईटही वाटलं, पण ते त्याने मनातल्या मनात ठेवलं.

शनिवारी ऊन वर आल्यावर बैठक बसली. दारूचे तीन हंडे भरलेले. जायलोसीने एस्नार्टचं नाव घेऊन थोडी दारू जमिनीवर ओतली, मॉरसनने मामाच्या वतीने चार शब्द बोलून सासरचे आभार मानले. फ्रॅक्सन पाय पसरून जमिनीवर बसला. सेलिनाने त्याच्या डोक्यावर पाणी ओतलं, नवं पातं उघडलं आणि डाव्या कानाच्या वरून सुरुवात केली. केसांचे पुंजके तिच्या फडक्यात पडायला लागले. त्यात निम्म्याहून जास्त पांढरे होते.

"भाऊजी, हलू नका. लागेल."

"तू रडतेस म्हणून हलतंय."

डावी बाजू उतरली. डोक्याला वारा लागला. फ्रॅक्सनने डोळे मिटले. तीन दिवसांची वाट, तळ्याच्या कडेचे गवताचे बांध, एलिनातीच्या दारातली ओसरी हे सगळं त्याला ओळीने दिसत होतं. तेवढ्यात आंब्यापलीकडून सुईणीची हाक आली. पहिल्या हाकेला बैठक उठत नाही. दुसऱ्या हाकेला सुईण स्वतःच धावत आली. तिचे हात कोपरापर्यंत लाल होते.

"एनेलेस आहे. रात्रीपासून कळा देतेय. आता रक्त थांबत नाही."

लुकास पळत गेला आणि त्याने गाडी आणली. चार बायकांनी एनेलेसला उचलून आत निजवलं. लुकासने सायकलचं हँडल धरलं. पुढचं चाक लटलटत होतं. त्याने पॅडलवर पाय ठेवला आणि वळून मागे पाहिलं. एनेलेसने त्याचं नाव घेतलं. त्याचा पाय पॅडलवरून घसरला, पुन्हा ठेवला, पुन्हा घसरला. ताडमाड उंचीचा तो गडी सायकल धरून सगळ्यांदेखत रडायला लागला.

जायलोसीची ती सख्खी नात, पण तो नुसता हंड्याकडे बघत राहिला. सेलिनाचं पातं हवेत थांबलं होतं. फ्रॅक्सनने मॉरसनकडे पाहिलं. मॉरसनने जमिनीकडे पाहिलं.

"सेलिना," फ्रॅक्सन म्हणाला, "पाणी पूस."

तिने फडक्याने त्याचं डोकं पुसलं, अर्धं बोडकं, अर्धं दाट. तो उठला. लुकासच्या हातातून सायकल घेताना फक्त एवढंच म्हणाला, "तू मागून ढकल. बघू नको तिच्याकडे." थोकोझिरेला काय करावं सुचेना, तिने हातातलं हेल्मेट पुढे जाऊन त्याच्या डोक्यावर ठेवलं. या खेपेला ते आत गेलं. डावीकडून खाली आणि उजवीकडून वर, असं वाकडं, पण गेलं. तिने हनुवटीखाली पट्टा लावला.

नऊ किलोमीटर वाळू. मॉरसनची सायकल घेऊन थोकोझिरे मागून येत होती. तिला फक्त त्याची पाठ दिसत होती आणि त्या पाठीवर ओल पसरत चाललेली. तो एकदाही वळला नाही. नाल्यापाशी मात्र उतरला, दोन्ही हातांनी चाक धरून गाडी अलगद पलीकडे घेतली आणि पुन्हा चढला. थोकोझिरेने रोज घड्याळ लावलं होतं. त्या दिवशी लावायचं तिला सुचलं नाही.

दवाखान्यातल्या मापुलांगा सिस्टरने बाईला आत घेतलं, दार लावलं. दोन तासांनी बाहेर आली ती घाम पुसत. "मुलगी आहे. दोघी जगतील." मग तिने पायरीवर बसलेल्या फ्रॅक्सनकडे पाहिलं. त्याने हेल्मेट काढून शेजारी ठेवलं होतं. "हे काय, बाबा? अर्ध्याच शेतात कुदळ मारलीत?"

फ्रॅक्सन हसला. लुकास हसला. मग सगळेच हसले, कारण दोघी जगल्या होत्या. त्या रात्री तो दवाखान्याच्या ओट्यावर गाढ झोपला, आणि सकाळी निघताना त्याला वाटलं, आता उरलेलं अर्धं, मग सुटलो.

रविवारी दुपारी मॉरसन रीतसर जायलोसीपुढे बसला. "काका, मामाचं उरलेलं उरकून घेऊ. मला उद्या निघायला हवं."

नात वाचली होती, जायलोसीचे डोळे अजून ओले होते. तो फ्रॅक्सनच्या पाया पडायचाच बाकी राहिला होता. पण जावयाच्या पाया कुणी पडत नाही.

"दारू संपली की रे," तो म्हणाला. "काल बाळ झालं म्हणून लोक पिऊन गेले. आणि अर्धवट उठलेल्या बैठकीला काही रीत आहे का? मी तरी ऐकलेली नाही. पुन्हा पहिल्यापासून बसावं लागेल. पुढच्या मक्यावर बघू."

"पुढच्या मक्यावर? काका, शनिवारचा तुम्हीच शब्द दिला होता."

"मी दिला आणि मी पाळला. दारू मी गाळली, पातं मी आणलं, माणसं मी बसवली." जायलोसी आवाज न चढवता बोलत होता, उलट फार मायेने. "उठलं कोण?"

थोकोझिरे उभी राहिली, "पण आजोबा," एवढं म्हणाली, आणि लुकासकडे बघून खाली बसली. लुकास मान वर करत नव्हता. त्याला सगळ्यांनी पाहिलं होतं. आता अडलेली कुठलीही बाई त्याच्या गाडीत पाय ठेवणार नव्हती. बैठकीच्या कडेला बसलेल्या फ्रॅक्सनने काडीने मातीत एक रेघ ओढली आणि हाताने पुसून टाकली. उठलं कोण, हे त्याला माहीत होतं. पुन्हा तशीच वेळ आली तर कोण उठेल, हेही माहीत होतं, आणि त्याचीच त्याला भीती वाटली.

सोमवारी सकाळी मॉरसन निघाला. फ्रॅक्सनने कुदळ ठेवून घेतली, पण सुतळीने बांधलेली घोंगडी भाच्याच्या सायकलवर लादली.

"मामा, थंडी आहे. तुम्ही काय पांघराल?"

"ने तू. तिच्या हातात दे. तिला दिसत नाही, हाताला काहीतरी लागू दे."

मुलांचीही निघायची तयारी झाली होती. मार्टेन शेवटचा तक्ता भरत होता. शनिवारपासून त्याच्या एक गोष्ट लक्षात आली होती. फ्रॅक्सन हेल्मेट काढतच नव्हता. विहिरीवर जाताना हेल्मेट, तुरीच्या शेंगा निवडताना हेल्मेट, रविवारी चर्चमध्येही भिंतीशी हेल्मेट घालूनच उभा. अर्ध्या भादरलेल्या डोक्याने गावात हिंडायचं तर माणसाने करावं काय?

"बाबांना विचार ना, त्रास तर होत नाही?" मार्टेन थोकोझिरेला म्हणाला.

तिने विचारलं.

"फार छान आहे," फ्रॅक्सन म्हणाला. "सांग त्याला. आता बरोबर बसतं."

मार्टेनने लिहिलं: वापर संपूर्ण, सायकलवर नसतानाही. मग त्याने एक फोटो घेतला. थोकोझिरेने तो तक्ता पाहिला, पेन हातात घेतलं, पण त्या ओळीच्या जागी काय लिहावं ते न सुचून पेन परत दिलं. जाताना तिने फ्रॅक्सनपुढे गुडघे टेकले. सगळ्या गावादेखत. त्याने तिला हाताला धरून उठवलं.

मुलांची मोटार दिसेनाशी झाल्यावर तो एस्नार्टच्या थडग्याकडे गेला. तिथे कुणी नव्हतं. त्याने पट्टा सोडून हेल्मेट काढलं आणि मांडीवर घेऊन बसला. डाव्या बाजूवरून हात फिरवला. दोन दिवसांत तिकडे खुंट उगवले होते, हाताला टोचत होते.

आंब्याकडून कुणीतरी त्याला हाक मारली. फ्रॅक्सनने हेल्मेट डोक्यावर ठेवलं, हनुवटीखाली पट्टा लावला, आणि आलो म्हणाला.